पदवीचा खर्च कोणाच्या खिशातून, आणि कोणत्या वाटेने?

उच्च शिक्षण मोफत असावे की त्याची फी घ्यावी, हा वाद कोणत्याही देशात निघाला की लगेच दोन तट पडतात. शिक्षण हा हक्क आहे, त्याला किंमत लावू नका, असे एक तट म्हणतो. पदवीमुळे ज्याची कमाई वाढते त्यानेच तिचा खर्च उचलावा, शाळेनंतर थेट कामाला लागलेल्या माणसाच्या करातून तो का वसूल करता, असे दुसरा विचारतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत ज्या देशांनी ही व्यवस्था मोडून पुन्हा बांधली, त्यांचा अनुभव वाचताना मला सतत वाटत राहिले की खरा पेच या वादाच्या बाहेर आहे. पैसा कोणाच्या खिशातून निघाला यावरून भांडण होते, पण तो कोणत्या वाटेने संस्थेपर्यंत पोहोचतो यावर संस्था कशा वागणार हे ठरते. त्या वाटेची चर्चा मात्र हिशेबनिसांच्या टेबलाबाहेर क्वचितच येते.

ही वाट समजून घ्यायची तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तिथे जवळजवळ सगळे प्रकार करून झाले आहेत.

1974 च्या सुरुवातीपासून पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने विद्यापीठांची फी रद्द केली आणि राज्यांच्या वाट्याचा खर्चही केंद्राकडे घेतला. हेतू स्वच्छ होता: कामगाराच्या मुलीला फीपायी विद्यापीठाचे दार बंद राहू नये. वय उलटून गेलेल्या अनेकांना, विशेषतः संसारात अडकलेल्या स्त्रियांना, त्यामुळे शिकता आले. ते मोल कमी नाही. तरी पुढे अभ्यासकांनी विद्यार्थ्यांची सामाजिक जडणघडण तपासली तेव्हा ती फारशी बदललेली दिसली नाही. कारण गरीब घरातली मुले विद्यापीठाच्या दाराशी अडत नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, शाळा अर्धवट सोडतानाच, ती वाटेतून बाजूला होत होती.

मोफत व्यवस्थेचा दुसरा परिणाम हळूहळू दिसू लागला. प्रत्येक जागेचा पूर्ण खर्च सरकारी तिजोरीतून जात असेल, तर जागा किती हे अर्थखाते ठरवते. 1980 च्या दशकात शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, जागा तितक्या वाढल्या नाहीत, आणि पात्र असूनही हजारो मुले परत फिरू लागली. फी शून्य होती, पण आत शिरायला जागा नव्हती. बाहेर राहिलेल्याला त्या शून्याचा काही उपयोग नसतो.

म्हणजे मोफत शिक्षण चालतच नाही, असा अर्थ काढू नये. जर्मनीत 2005 साली घटनात्मक न्यायालयाने फीवरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि काही राज्यांनी सत्राला 500 युरो घ्यायला सुरुवात केली. लोकांना ते रुचले नाही. एकेका राज्याने फी मागे घेतली आणि 2014 पर्यंत ती सगळीकडून गेली. करदाते तो भार उचलायला राजी असतील आणि जागाही पुरेशा ठेवल्या जात असतील, तर मोफत व्यवस्था उभी राहते. मात्र फी नसली तरी विद्यार्थ्याला राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण लागतेच. स्वीडनमध्ये फी नाही, तरी बहुतेक विद्यार्थी कर्ज घेऊनच बाहेर पडतात. ते राहण्या-खाण्याच्या खर्चाचे असते. फीच्या वादात हा खर्च नेहमी विसरला जातो, आणि शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा तोच निर्णायक असतो.

कर्ज, पण बँकेचे नव्हे

1987 मध्ये जॉन डॉकिन्स ऑस्ट्रेलियाचे शिक्षणमंत्री झाले. त्यांना जागा वाढवायच्या होत्या आणि तिजोरीत पैसे नव्हते. नेव्हिल रॅन यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांनी मिळून जी योजना आखली ती 1989 पासून लागू झाली. मला ती आधुनिक काळातल्या सर्वांत हुशार धोरणांपैकी एक वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक विद्यार्थ्यावर वर्षाला 1,800 ऑस्ट्रेलियन डॉलर आकारले गेले. अभ्यासक्रमाच्या सरासरी खर्चाच्या हा साधारण पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से सरकारचेच. ज्याच्याकडे पैसे होते त्याने ते आधी भरावेत आणि 15 टक्के सूट घ्यावी, अशी तेव्हा सोय होती. ज्याच्याकडे नाहीत त्याने एक पैसाही न देता वर्गात जाऊन बसावे. ती रक्कम त्याच्या नावावर मांडली जाई, महागाईइतकीच वाढे, त्यावर वेगळे व्याज नसे. शिकून नोकरी लागल्यावर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले, तरच आयकराबरोबर थोडा हिस्सा कापला जातो. नोकरी गेली, आजारपण आले, मूल लहान म्हणून घरी बसावे लागले, तर कपात आपोआप थांबते. तारण नाही, जामीनदार नाही, दारात वसुलीचा माणूस नाही.

साध्या बँककर्जात हप्ता ठरलेला असतो आणि कमाई अनिश्चित. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत, हातात सर्वांत कमी पैसा असताना, हप्त्याचे ओझे सर्वांत जड असते. गरीब घरातले मूल याच भीतीने मागे सरते, कारण त्याचा हप्ता चुकला तर सावरून घ्यायला घरात कोणी नसते. उत्पन्नाशी जोडलेले कर्ज ही भीतीच काढून घेते. फी पुन्हा सुरू झाल्यावर गरीब घरांतली मुले विद्यापीठाकडे पाठ फिरवतील असा अंदाज होता. तसे घडले नाही.

मग हे काम खासगी बँक का करत नाही? कमाईतल्या हिश्श्यावर शिक्षणाला पैसा देण्याची कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्येच मांडली होती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने 1971 मध्ये तिचा एक प्रकार करूनही पाहिला. एका गटातल्या सर्वांनी कमाईचा ठरावीक हिस्सा भरत राहायचा, गटाचे कर्ज फिटेपर्यंत. काहींनी भरलेच नाही, आणि त्यांचा भार प्रामाणिकपणे भरणाऱ्यांवर पडला. आपले फेडून झाले तरी दुसऱ्याचे फेडत बसलेल्या पदवीधरांचा संताप होणारच होता. योजना काही वर्षांत बंद पडली. येलला कोणाची खरी कमाई किती ते कळत नव्हते आणि वसुलीचा अधिकारही नव्हता. कर विभागाकडे या दोन्ही गोष्टी आधीपासूनच असतात.

यातच या योजनेची मर्यादाही आहे. बहुसंख्य लोकांची कमाई रोखीत, नोंदीबाहेर होत असेल, तिथे ती उचलून आणली तरी रुजणार नाही.

दुखत नाही म्हणून

चांगल्या अवजाराचा धोका असा की ते हातात आले की सगळीकडे चालवावेसे वाटते. विद्यार्थ्याला आज काही भरावे लागत नाही, म्हणजे फी वाढवली तरी आज कोणी ओरडणार नाही, हे अर्थखात्यांच्या लवकर लक्षात आले. ऑस्ट्रेलियात 1997 पासून सरसकट दर जाऊन विषयानुसार तीन दर आले, आणि ते वाढत गेले.

इंग्लंडमध्ये हीच वाट शेवटपर्यंत चालून झाली. 1998 मध्ये वर्षाला 1,000 पौंड, 2006 मध्ये 3,000, आणि 2012 मध्ये थेट 9,000. परतफेड उत्पन्नाशी जोडलेली: 2012 च्या योजनेत वार्षिक 21,000 पौंडांच्या वरच्या कमाईवर 9 टक्के, आणि 30 वर्षांनी उरलेले कर्ज माफ. वर्षाला 25,000 पौंड मिळवणाऱ्याचे 4,000 पौंड मर्यादेच्या वर येतात. त्याचे 9 टक्के म्हणजे 360 पौंड, महिन्याला 30. हप्ता परवडतो. पण 9,000 पौंडांच्या तीन वर्षांचे कर्ज महिन्याला 30 पौंडांनी फिटत नाही, त्यात इथे महागाईच्या वर व्याजही लागत होते. मग अनेकांच्या बाबतीत शेवटी उरलेला आकडा सरकारच भरणार. म्हणजे करदात्याची सुटका झालीच नाही. त्याचे बिल फक्त 30 वर्षे पुढे ढकलले गेले, आणि दरम्यान ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

विद्यापीठे किमतीवर स्पर्धा करतील, कोणी 6,000 घेईल, कोणी 9,000, असे सरकारने गृहीत धरले होते. जवळजवळ सगळ्यांनी वरचा आकडा लावला. यात नवल नाही. पैसे आज द्यायचे नसतील तर विद्यार्थी किंमत पाहत नाही, आणि कमी फी लावणारी संस्था कमी दर्जाची वाटते. एका गटाला मात्र फी बघूनच धडकी भरली: नोकरी करत अर्धवेळ शिकणारी प्रौढ माणसे. घरकर्ज, मुलेबाळे आणि वर हे नवे कर्ज घ्यायला ती तयार नव्हती, आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांची संख्या कोसळली. अठरा वर्षांचे पूर्णवेळ विद्यार्थी येत राहिल्याने या घसरणीकडे फार उशिरा लक्ष गेले. मला या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत दुःखद भाग वाटतो. दुसरी संधी शोधणाऱ्या माणसासाठीच तर उच्च शिक्षणाचे दार उघडे असावे लागते.

पुढे 2017 मध्ये फी 9,250 पौंडांवर थांबली आणि सात-आठ वर्षे तिथेच राहिली. महागाई थांबली नाही. देशातल्या विद्यार्थ्यामागे येणारा पैसा पुरेना, तेव्हा विद्यापीठे दुप्पट-तिप्पट फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर विसंबू लागली. व्हिसाचे नियम आवळले की आता तिथल्या प्राध्यापकांच्या नोकऱ्या हलतात. एका देशाचे इतिहासाचे विभाग दुसऱ्या देशांतल्या पालकांच्या बचतीवर उभे राहावेत, असे कोणी ठरवून केले नव्हते. पैशाची वाट तशी पडत गेली.

सगळ्यांनाच विद्यापीठ व्हायचे असते

आता संस्थांच्या रचनेकडे. उच्च शिक्षण म्हणजे केवळ विद्यापीठे नव्हेत. परिचारिका, तंत्रज्ञ, शिक्षक, सुतार, हिशेबनीस घडवणाऱ्या संस्थाही त्यातच येतात. या सगळ्यांना एका दावणीला बांधायचे की वेगवेगळी कामे वाटून द्यायची, हा रचनेचा मूळ प्रश्न.

कॅलिफोर्नियाने 1960 च्या आराखड्यात कामे वाटून दिली. शालान्त विद्यार्थ्यांतले वरचे साडेबारा टक्के संशोधन करणाऱ्या विद्यापीठाकडे, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांकडे, आणि सर्वांना खुली अशी स्थानिक दोन वर्षांची महाविद्यालये. तिथे चांगले गुण मिळवले की वरच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येईल, असा जिनाही ठेवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचे नाव या आराखड्याशी कायमचे जोडले गेले. आराखड्याची भिस्त त्या जिन्यावर होती, आणि जिना चढून जाणारे नेहमीच अपेक्षेपेक्षा कमी निघाले.

डॉकिन्स यांनी उलटे केले. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियात 19 विद्यापीठे आणि चाळिसाहून अधिक उच्च शिक्षण महाविद्यालये होती. महाविद्यालयांचे काम शिकवण्याचे. या दोन्ही गटांना एकाच राष्ट्रीय व्यवस्थेत आणले गेले. निधी हवा तर किमान 2,000 पूर्णवेळ विद्यार्थी हवेत, व्यापक संशोधनासाठी 8,000 हवेत, अशा अटी घातल्या. कोणावर सक्ती नव्हती, पण पैशाची वाट एकत्र येण्याकडेच जात होती. विलीनीकरणांची रांग लागली आणि काही वर्षांत सरकारी विद्यापीठांची संख्या जवळपास दुप्पट झाली. इंग्लंडनेही 1992 च्या कायद्याने आपल्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठ होऊ दिले.

यामागची न्यायबुद्धी मला पटते. परिचारिकेची पदवी आणि वकिलाची पदवी यांत उच्च-नीच का असावे? पण निधी आणि प्रतिष्ठा संशोधनालाच चिकटलेली राहिली, त्यामुळे नव्या विद्यापीठांनी जुन्यांची नक्कल सुरू केली. जी संस्था परिसरातल्या कामगारांना संध्याकाळी उत्तम शिकवत होती, ती आता शोधनिबंध मोजू लागली. एकच फूटपट्टी लावली की सगळे त्याच दिशेने उंच व्हायला धडपडतात.

रचनेचा विचार न करता पैशाची वाट उघडली तर काय होते, त्याचा धडा ऑस्ट्रेलियालाच मिळाला. विद्यापीठांसाठी इतके चांगले चाललेले कर्ज पुढे व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांनाही खुले झाले, आणि 2012 मध्ये त्याच्या अटी आणखी सैल केल्या. विद्यार्थ्याने नाव नोंदवले की सरकार संस्थेला पैसे देणार, आणि विद्यार्थी कमावू लागला की फेडणार. विद्यापीठाला शंभर वर्षांचे नाव जपायचे असते. कालपरवा निघालेल्या संस्थेला तसली काही काळजी नव्हती. आईजीच्या जिवावर बायजी उदार, तसे दलाल घरोघर फिरले. मोफत लॅपटॉपचे आमिष दाखवून, वाचता न येणाऱ्या, अपंग, दूरच्या वस्त्यांवर राहणाऱ्या माणसांच्या सह्या घेतल्या. अनेकांना आपल्या नावावर हजारो डॉलरांचे कर्ज चढले आहे याचा पत्ताच नव्हता. 2015 या एका वर्षात या योजनेतली कर्जे सुमारे 2.9 अब्ज डॉलरवर गेली, आणि 2016 च्या अखेरीस ती बंद करावी लागली. फसलेल्यांची कर्जे पुढे माफ होत राहिली. तेच अवजार एका ठिकाणी मुलांना वर घेऊन गेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने माणसे लुबाडली. फरक इतकाच की पैसा ज्याच्या हाती पडत होता त्याच्यावर दुसऱ्या ठिकाणी कोणाचीच नजर नव्हती.

न्यूझीलंडमध्ये अडचण उलट्या बाजूने आली. तिथल्या प्रादेशिक तंत्रशिक्षण संस्थांना निधी विद्यार्थिसंख्येनुसार मिळे. रोजगार भरपूर असला की तरुण शिकायला येण्याऐवजी कामाला लागतात. मग संख्या घटते, निधी घटतो, पण इमारत आणि यंत्रशाळेचा खर्च तेवढाच राहतो. अनेक संस्था तोट्यात गेल्या. सरकारने 2020 मध्ये अशा सोळाही संस्था एका राष्ट्रीय संस्थेत विलीन केल्या. तिचे नाव ‘ते पुकेंगा’. मुख्यालय मोठे झाले, निर्णय लांब गेले, आणि ज्या गावांना त्या संस्था आपल्या वाटत होत्या त्यांना त्या परक्या झाल्या. 2023 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने ती मोडायचे ठरवले, आणि 2026 च्या सुरुवातीपासून दहा संस्था पुन्हा स्वतंत्र करण्याचा निर्णय झाला. सहा वर्षांत बांधणी आणि मोडणी दोन्ही. दुखणे डोईमागे मिळणाऱ्या निधीचे होते आणि औषध दिले ते विलीनीकरणाचे.

चिलीने 2011 च्या प्रचंड विद्यार्थी आंदोलनानंतर मधला मार्ग काढला. 2016 पासून उत्पन्नाच्या उतरंडीतल्या खालच्या निम्म्या कुटुंबांसाठी फी रद्द, 2018 पासून ही मर्यादा 60 टक्क्यांवर. सरकार संस्थेला फी देते, पण स्वतः ठरवलेल्या दराने; संस्थेची खरी फी त्याहून जास्त असेल तर फरक तिने सोसायचा. कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला, आणि चांगल्या हेतूने सामील झालेल्या काही संस्थांच्या हिशेबात खड्डा पडला.

पुन्हा ऑस्ट्रेलिया. 2021 मध्ये तिथल्या सरकारने फीमधून विद्यार्थ्यांना विषय निवडायला लावण्याचा प्रयत्न केला. इतिहास, समाजशास्त्र वगैरे विषयांची फी 113 टक्क्यांनी वाढवून वर्षाला 14,500 डॉलर केली. परिचर्या, अध्यापन, गणित यांची 3,950 वर आणली. आता पैशाची वाट कशी गेली ते बघा. उत्पन्नाशी जोडलेले कर्ज असल्यामुळे विद्यार्थी फीकडे फारसे पाहत नाही, हे तोवर तीस वर्षे दिसत होते. त्यामुळे निवड जेमतेम हलली. दुसरीकडे अभियांत्रिकी आणि विज्ञानात विद्यार्थ्याची फी कमी झाली, पण त्याच्यामागे विद्यापीठाला मिळणारी एकूण रक्कमही घटली. ज्या जागा वाढायला हव्या होत्या, त्याच वाढवणे विद्यापीठाला तोट्याचे झाले.

2024 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या उच्च शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या मेरी ओकेन यांच्या समितीचा अहवाल आला. हे दर बदलावेत, विद्यापीठे आणि व्यावसायिक शिक्षण यांच्यातली भिंत काढावी, आणि निधी व रचना दोन्हींचा एकत्र विचार करणारा कायमस्वरूपी आयोग असावा, असे त्यात आहे. 2050 पर्यंत कामकरी वयातल्या 80 टक्के लोकांकडे शालेय शिक्षणानंतरची एखादी पात्रता असावी, हे लक्ष्य. आयोगाचे काम तात्पुरत्या स्वरूपात 2025 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने विद्यार्थ्यांच्या शिल्लक कर्जातून 20 टक्के रक्कम एका झटक्यात कमी केली. ज्यांच्या नावावर आधीच कर्ज होते त्यांना तो लाभ मिळाला. त्या कायद्यानंतर इतिहास शिकायला दाखल झालेल्या मुलीची फी मात्र त्याने एका डॉलरनेही कमी झाली नाही.